फाटकावरचं साल आणि पेपरातलं साल: जुन्या वर्तमानपत्रांतून फुटबॉल क्लबचा इतिहास कसा काढायचा

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या फुटबॉल संघाच्या कमानीवर एक स्थापनावर्ष रंगवलेलं आहे. रंग अधूनमधून नवा होतो, साल तेच राहतं. ते आलं कुठून असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आबांनी सांगितलं होतं." आबांना कुणी सांगितलं, ते आबांबरोबर गेलं. शेजारच्या पेठेतले छातीठोकपणे सांगतात की त्यांचा संघ आमच्या आधीचा. मग शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जे बोललं जातं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढे शिकायला इंग्लंडात गेलो आणि दोन वर्षं स्टोक-ऑन-ट्रेंटला राहिलो, तर तिथंही तोच घोळ. स्टोक सिटी हा क्लब आपलं स्थापनावर्ष १८६३ सांगतो. चार्टरहाउस शाळेत शिकलेली काही पोरं नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करत होती, त्यांनी क्लब काढला, अशी गोष्ट. दीडशेवं वर्षही याच हिशेबानं साजरं झालं. पण त्या काळच्या छापील कागदांत क्लबचा माग लागतो तो १८६८ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात 'द फील्ड' या साप्ताहिकानं बातमी दिली की, स्टोक-अपॉन-ट्रेंटला असोसिएशनच्या नियमांनी (म्हणजे आजच्या फुटबॉलच्या, रग्बीच्या नव्हे) खेळण्यासाठी नवा क्लब निघाला आहे आणि त्याची सूत्रं एच. जे. आल्मंड यांच्याकडे आहेत. पहिला नोंदलेला सामना १७ ऑक्टोबर १८६८ चा, ई. डब्ल्यू. मे यांच्या पंधरा जणांच्या संघाशी. निकाल १-१. क्लबचा पहिला गोल कप्तान आल्मंड यांचाच. क्लबचं नाव तेव्हा होतं स्टोक रॅम्बलर्स.

हे मी शोधलेलं नाही, तिथल्या अभ्यासकांनी कधीच काढून ठेवलंय. मी फक्त त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत तीच पानं पुन्हा पाहिली आणि काम शिकलो. मग कोल्हापुरात परत येऊन आमच्या पेठेच्या संघासाठी तेच करायला बसलो. तेव्हा कळलं की तिथली निम्मी विद्या इथं चालते आणि निम्मी मुळीच चालत नाही. तुम्हाला तुमच्या गावच्या, कॉलेजच्या, गिरणीच्या किंवा तालमीच्या संघाचा इतिहास काढायचा असेल, तर माझे वाया गेलेले महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी जमवायच्या गोष्टी

- ओळखपत्राच्या तीन-चार झेरॉक्स आणि दोन फोटो. वाचनालय असो की सरकारी दप्तर, हे लागतंच.
- कुणाचं तरी शिफारसपत्र. कॉलेजच्या प्राध्यापकाचं असेल तर उत्तम, नाहीतर मंडळाच्या लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीचं.
- शिसपेन्सिल. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि तेच बरोबर आहे.
- भिंग, छोटी बॅटरी, तोंडाला मास्क, हाताला रुमाल. जुन्या फायलींची धूळ साधी नसते, संध्याकाळी घसा धरतो.
- भरपूर जागा रिकामी असलेला फोन. फोटो काढायची परवानगी आधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा.
- एक जाड वही आणि घरी संगणकावर एक साधा तक्ता. तक्त्यात काय भरायचं ते सातव्या पायरीत सांगतो.

१. स्थापनावर्ष बाजूला ठेवा, एक पक्की तारीख पकडा

बहुतेक जण सुरुवातीलाच चुकतात. कमानीवर १९३० लिहिलंय म्हणून १९३० ची फाईल मागवतात, चार दिवस पानं उलटतात, काही सापडत नाही आणि सोडून देतात.

उलटं जा. ज्या सामन्याबद्दल कुणालाच शंका नाही असा एक सामना धरा. एखादा जिंकलेला कप, ज्याच्यावर साल कोरलंय. एखादा फोटो, ज्याच्या खाली छापील तारीख आहे. तिथून मागे मागे सरका. स्टोकच्या बाबतीत अशी पक्की खुंटी म्हणजे ८ सप्टेंबर १८८८. फुटबॉल लीगच्या पहिल्यावहिल्या दिवशी स्टोक वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून ०-२ हरला. तिथून मागे गेलं की १८७८ मध्ये क्लब व्हिक्टोरिया ग्राउंडवर आलेला दिसतो, त्याच्या मागे १८७५ पासून स्वीटिंग्ज फील्ड, आणि त्याच्याही मागे व्हिक्टोरिया क्रिकेट क्लबचं मैदान. प्रत्येक मागचं पाऊल पुढच्या पावलावर उभं राहतं.

मागे जाण्याचा आणखी एक फायदा असा की नंतरच्या बातम्या तपशीलवार असतात. सेक्रेटरी कोण, मैदान कुठलं, नेहमीचे प्रतिस्पर्धी कोण, हे सगळं त्यांच्यात मिळतं. आधीच्या बातमीत क्लबचं नावसुद्धा धड नसतं. पण मैदान आणि दोन खेळाडू ओळखीचे निघाले की ती बातमी तुमच्या हाताला लागते.

२. त्या काळी पेपर कोणते निघत होते, ते काढा

आज आहे तो पेपर तेव्हा होता असं धरू नका. कोल्हापुरातला 'पुढारी' १९३७ चा. म्हणजे त्याआधीच्या सामन्यासाठी 'पुढारी'च्या फायली शोधणं हा निव्वळ वेळेचा खर्च. 'केसरी' १८८१ चा, पण पुण्याचा आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदाच, मंगळवारी निघणारा. त्याला कोल्हापुरातल्या एका पेठेच्या मॅचचं कौतुक कशाला असेल? मुंबईत 'टाइम्स'ची परंपरा १८३८ पासूनची, 'बॉम्बे क्रॉनिकल' १९१३ पासून.

स्टोकमध्येही 'स्टॅफर्डशायर सेंटिनल' १८५४ ला साप्ताहिक म्हणून निघाला आणि १८७३ ला दैनिक झाला. साप्ताहिकाला जागा कमी, त्यामुळे १८६८ च्या सामन्यांना दोन ओळी मिळाल्या तरी खूप.

एक यादी करा: पेपर, गाव, सुरू झाल्याचं साल, दैनिक की साप्ताहिक, आणि फाईल कुठे आहे. ही यादी करायला मला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे सत्कारणी लागले.

३. फायली कुठे मिळतात

इंग्लंडातल्या क्लबसाठी काम सोपं आहे. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह नावाचा साठा घरबसल्या शोधता येतो. पैसे पडतात, पण तिथल्या कित्येक सार्वजनिक वाचनालयांत बसून तो फुकट बघता येतो. मी थंडीचे दोन महिने वाचनालयातल्या हीटरशेजारी त्यातच काढले.

आपल्याकडे असं एकच दुकान नाही. मुंबईच्या संघांसाठी 'टाइम्स'च्या जुन्या अंकांचा डिजिटल साठा मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असतो, ओळखीतला कुणी विद्यार्थी गाठा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं 'ग्रंथसंजीवनी' या नावानं आपला पुष्कळ साठा डिजिटल केलाय, त्यात 'बॉम्बे क्रॉनिकल' आहे. कोल्हापूरकरांनी आधी करवीर नगर वाचन मंदिरात जावं. ही संस्था १८५० ची आहे. संस्थानकाळातले सरकारी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. मैदानाची जागा कुणी दिली वगैरे प्रश्न असेल तर तिकडे जावं लागेल, आणि तिथं मोडी वाचणारा माणूस बरोबर हवा.

गोव्यातल्या क्लबांचं प्रकरण वेगळं. १९६१ पर्यंतचे बरेच पेपर पोर्तुगीजमध्ये, 'ओ हेराल्दो' १९०० पासूनचा. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, तिथूनच सुरुवात करावी. पोर्तुगीज येत नसेल तरी निकालाचे आकडे आणि नावं वाचता येतात. बाकीचं कुणा जुन्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.

एक मोह टाळा. मुंबई इलाख्यातल्या देशी पेपरांचा सारांश ब्रिटिश सरकार दर आठवड्याला इंग्रजीत तयार करत असे. तो सहज मिळतो, आणि मराठी फायली चाळायच्या कटकटीतून सुटलो असं वाटतं. पण सरकारला काळजी होती राजद्रोहाची, गोलांची नाही. मी त्यात आठवडा घालवला आणि फुटबॉल एकदाही भेटला नाही.

४. क्लबचं नाव शोधू नका

डिजिटल साठ्यात शोधताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'स्टोक' हा शब्द टाकून बघा. स्टोक न्यूइंग्टन येईल, स्टोक पोजेस येईल, बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या 'स्टोकर' लोकांच्या नोकरीच्या जाहिराती येतील. 'रॅम्बलर्स' टाकलं तर रविवारी डोंगरात हिंडायला जाणारी मंडळी. वर क्लबचं नाव बदलत गेलेलं असतं. स्टोक रॅम्बलर्सचं नुसतं स्टोक झालं, आणि स्टोक सिटी हे नाव आलं १९२५ ला, गावाला शहराचा दर्जा मिळाल्यावर. १८७० च्या पेपरात 'स्टोक सिटी' शोधणारा माणूस जन्मभर शोधत बसेल.

मग शोधायचं काय?

प्रतिस्पर्धी. तुमच्या संघाचं नाव वार्ताहरानं चुकवलं असेल, पण समोरचा संघ नामांकित असेल तर त्याचं नाव बरोबर छापलं जातं. रोव्हर्स कप १८९१ ला मुंबईत सुरू झाला आणि पहिल्या वर्षी वॉर्सेस्टरशायर रेजिमेंटची पहिली पलटण जिंकली. या स्पर्धेच्या सुरुवातीच्या काळात पलटणींचाच दबदबा. एखाद्या मुंबईकर संघाचा माग हवा असेल तर पलटणीचं नाव टाका. १९२३ मध्ये कलकत्त्याचा मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथपर्यंत पोचलेला तो पहिला भारतीय संघ. त्यांना हरवणारी डरहॅम लाइट इन्फंट्री. त्या आठवड्यांतली क्रीडा पानं नुसती उघडलीत तरी इतर देशी संघांची चर्चा सापडते.

मैदान. गल्लीचं, शेताच्या मालकाचं, खानावळीचं नाव. व्हिक्टोरिया ग्राउंडला नाव मिळालं ते जवळच्या व्हिक्टोरिया हॉटेलवरून.

सेक्रेटरी. हा माणूस सोन्याची खाण. त्या काळी सामन्याची हकिगत पुष्कळदा सेक्रेटरीच पेपरला पाठवायचा. वार्षिक सभेची नोटीस त्याच्या नावानं, सामने जुळवण्याची जाहिरात त्याच्या पत्त्यावर, आणि पंचाच्या निर्णयावर संपादकाला रागावून लिहिलेलं पत्रही त्याचंच. हे पत्र सापडलं तर पेढे वाटा. आठ दिवसांनी समोरच्या क्लबचा सेक्रेटरी उत्तर देतो आणि तुम्हाला एकाच सामन्याच्या दोन बाजू मिळतात.

आणि शब्दाचं लेखन. इंग्रजीत 'फुट' आणि 'बॉल' यांच्यामध्ये आडवी रेघ असायची किंवा मोकळी जागा, दोन्ही प्रकार टाका. यंत्रानं वाचलेला मजकूर सदोष असतो. छपाई पुसट असेल तर यंत्र इंग्रजी 'एफ'ला 'टी' समजतं आणि फुटबॉलचा टूटबॉल होतो. मी मुद्दाम अशी चुकीची स्पेलिंगं टाकून शोधायला लागलो आणि त्यातून तीन सामने मिळाले. हसू नका, करून बघा.

५. मराठी पेपरात पानं उलटावीच लागतात

वरचं सगळं इंग्रजी साठ्यांसाठी. जुने मराठी पेपर जिथं स्कॅन झालेत तिथंही ते बहुधा नुसते फोटो असतात. शब्द टाकला आणि बातमी आली असं होत नाही. बसायचं आणि एकेक पान बघायचं.

त्यासाठी आधी हंगाम माहीत करून घ्या. इंग्लंडात तेव्हा साधारण सप्टेंबर ते एप्रिल. मुंबईत फुटबॉल पूर्वी पावसाळी खेळ. आमच्याकडे आता थंडी सुरू झाली की हंगाम तापतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो, पण आजोबांच्या वेळी तो नेमका कधी होता ते म्हाताऱ्यांना विचारूनच ठरवा. हंगाम कळला की वर्षाच्या फायलीतला बराच भाग वगळता येतो.

दुसरं म्हणजे खेळाच्या पानाची वाट बघू नका. तसं पानच नसायचं. 'स्थानिक वृत्त', 'करवीर वृत्त' अशा मथळ्यांखाली नगरपालिकेचे नळ, कुणाचा तरी सत्कार आणि हरवलेली म्हैस यांच्या रांगेत सामना सापडतो. दरबारच्या बातम्याही वाचा. महाराज सामन्याला आले असतील तर बातमी महाराजांची असते, सामना शेवटच्या ओळीत.

तिसरं, जुन्या लेखनाची नजर बसवा. १९६२ ला शुद्धलेखनाचे नवे नियम येईपर्यंत अनुस्वारांचा पाऊस असायचा: 'सामन्यांत', 'पांच', 'कोल्हापुरांत'. मॅचला 'म्याच' छापलेलं दिसेल. फुटबॉल हा फूटबॉल, फुटबाल, फुट बॉल अशा तीन वेशांत येतो, कधी नुसताच 'चेंडूचा खेळ'. पहिले दोन दिवस डोळे अडखळतात, तिसऱ्या दिवशी 'म्याच' हा शब्द पान उघडताच उडी मारून समोर येतो.

चौथं, शके. साप्ताहिकांवर कधी फक्त शके आणि तिथी ठळक असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. शके १८५१ मधला आषाढ म्हणजे १९२९, पण त्याच शकातला माघ १९३० मध्ये पडतो. हंगाम नेमका नव्या वर्षात जात असेल तर इथं एक वर्षाची चूक ठेवलेलीच आहे. आमच्या संघाच्या एका जुन्या स्मरणिकेत दोन सामने मागे-पुढे झालेत ते बहुतेक याच गणितानं.

पान उलटताना वरच्या कोपऱ्यातून, दोन्ही हातांनी. कागद खसखशीसारखा तडकतो. एकदा तुटलेलं पान पुढच्या माणसाला मिळत नाही, आणि ग्रंथपाल तुमच्यासाठी पुन्हा कपाट उघडत नाही.

६. बातमी सापडल्यावर फसायच्या जागा

हा खरंच फुटबॉल आहे का? १८७०-८० च्या दशकांत 'फुटबॉल' म्हणजे रग्बीही असू शकतो. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७२-७३ चा, पण तो खेळायचा रग्बी. क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी कप घडवला आणि १८७८ ला इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. आजही इंग्लंड-स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठीच खेळतात. म्हणून गोलांबरोबर 'ट्राय' किंवा 'टचडाउन' हे रग्बीचे शब्द दिसले की थांबा. उलट, खेळाडू पंधरा दिसले म्हणून लगेच रग्बी ठरवू नका. स्टोकचा पहिला नोंदलेला सामना पंधरांच्या संघाशी झाला, आणि क्लब तर असोसिएशनच्या नियमांचा. अकराचा आकडा तेव्हा पक्का व्हायचा होता.

तारखेचं काय? जुन्या इंग्रजी बातमीत तारखेनंतर 'इन्स्ट.' असेल तर चालू महिना, 'अल्ट.' असेल तर मागचा, 'प्रॉक्स.' असेल तर पुढचा. मी सुरुवातीला 'अल्ट.'कडे दुर्लक्ष केलं आणि एक सामना महिनाभर पुढे ढकलला. 'गेल्या शनिवारी' असं असेल तर अंकाच्या तारखेवरून वार मोजून काढा. १७ ऑक्टोबर १८६८ ला शनिवारच होता, असा मेळ बसला की बरं वाटतं.

सामना झाला होता का? 'उद्या सामना होईल' ही बातमी सामना झाल्याचा पुरावा नाही. पाऊस पडला असेल, समोरचा संघ आलाच नसेल. पुढचा अंक बघितल्याशिवाय तक्त्यात भरू नका.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा सापळा: तालीम आणि संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापुरातले कितीतरी संघ तालमींच्या नावानं खेळतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालीम ही आधी कुस्तीची जागा, फुटबॉल मागून आला. तालमीच्या दगडावरचं साल हे फुटबॉल संघाचं साल म्हणून सांगितलं जातं आणि कुणाला त्यात खटकत नाही. तुम्ही दोन्ही सालं वेगळी लिहा. हे सांगितल्यावर आमच्या मंडळात दोन बैठका तापल्या, पण तालमीचा मान त्यानं कमी होत नाही हे हळूहळू पटलं.

७. नोंद अशी ठेवा

पेपरचं नाव, अंकाची तारीख, पान, रकाना, कुठल्या वाचनालयात बघितलं, बातमीचा मजकूर जसाच्या तसा, आणि तुमचा अर्थ वेगळ्या रकान्यात. मजकुरातल्या चुका सुधारू नका.

फोटो काढताना आधी अंकाचं शीर्ष आणि तारीख, मग पूर्ण पान, मग बातमी. हा क्रम मोडू नका. मी एका दिवशी घाईत फक्त बातम्यांचे चाळीसेक फोटो काढले आणि घरी आल्यावर एकाचीही तारीख सांगता येईना. तीच फाईल पुन्हा उघडून बघण्यात दोन सुट्ट्या गेल्या.

जे सापडलं नाही तेही लिहा. 'ऑक्टोबर ते मार्च सगळे अंक पाहिले, उल्लेख नाही' हे एक वाक्य आहे, आणि 'डिसेंबरचे सहा अंक फायलीत नाहीत' हे वेगळं वाक्य. पुढे साल ठरवताना दोन्हींचं वजन वेगळं पडतं.

८. नावांमागची माणसं शोधा

'पाटील' आणि 'जाधव' एवढ्यावरून आपल्याकडे काही होत नाही. पण सामन्याच्या यादीतल्या पाच-सहा आडनावांचा एकत्र गट पेठेतल्या जुन्या माणसाला वाचून दाखवा. एखादं आडनाव ऐकून "हा तर आमच्या वाड्यातला" असं निघतं आणि घरातून फोटो बाहेर येतो. फोटोच्या मागे काही लिहिलंय का बघा, चौकटीतून काढायला सांगायला लाजू नका.

इंग्लंडात याच कामाला शिरगणतीचे कागद आणि शाळांच्या छापील नामावळ्या कामी येतात. ज्याला संस्थापक म्हणतात त्याचं दावा केलेल्या वर्षी वय किती होतं, एवढा एकच प्रश्न पुष्कळ गोष्टी उडवून लावतो.

९. साल ठरवताना

आता तुमच्याकडे सगळ्यात जुनी बातमी आहे. तिची तारीख म्हणजे स्थापनेची तारीख नव्हे. त्या तारखेला क्लब होता, एवढंच ती सांगते. मँचेस्टर युनायटेडचा मूळ क्लब न्यूटन हीथ, रेल्वे कारखान्यातल्या कामगारांचा, १८७८ चा मानतात, पण नोंदलेला पहिला सामना २० नोव्हेंबर १८८० चा, बोल्टन वाँडरर्सच्या राखीव संघाशी, ०-६ हार. मधली दोन वर्षं रिकामी आहेत म्हणून १८७८ खोटं ठरत नाही. कारखान्यातली पोरं आपापसात खेळत असतील तर पेपरला काय पडलंय?

स्टोकचं तसं नाही. तिथं १८६८ ची बातमी क्लबला स्पष्ट 'नवा' म्हणते, आणि असोसिएशनचे नियमच डिसेंबर १८६३ मध्ये ठरले. फुटबॉल असोसिएशनची पहिली बैठक झाली तीच २६ ऑक्टोबर १८६३ ला, लंडनमध्ये. म्हणजे १८६३ टिकवायचं तर स्टोकच्या पोरांनी काढलेला तो पहिला क्लब निराळ्या नियमांनी खेळत होता, मग कधीतरी मोडला आणि १८६८ ला नव्यानं निघाला, असं काहीतरी मानावं लागतं. मानायला हरकत नाही, पण मग त्याचा कागद दाखवा. तोवर माझं मत १८६८ च्या बाजूनं.

अशा वेळी अजून एक काम करा: दावा केलेलं साल पेपरात पहिल्यांदा कधी छापून आलं ते शोधा. क्लबचा रौप्यमहोत्सव, जुन्या खेळाडूचा मृत्युलेख, मोठा कप जिंकल्यावरचा कौतुकाचा लेख, असल्या जागी ते उगवतं. स्थापनेनंतर पाच-दहा वर्षांत उगवलं असेल तर त्याला मान द्या, कारण साक्षीदार जिवंत होते. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा दिसत असेल तर सावध. त्याच्या मागे आमच्या आबांसारखे कुणीतरी आबा असतात.

१०. मंडळाला सांगताना

पेपरातलं साल कमानीवरच्या सालापेक्षा अलीकडचं निघालं तर वार्षिक सभेत उभं राहून जाहीर करू नका. आधी दोन-तीन ज्येष्ठांना घरी जाऊन कात्रणं दाखवा. कात्रणात त्यांच्या वडिलांचं किंवा काकांचं नाव असेल तर ते पान वर ठेवा. साल पाचेक वर्षांनी पुढे सरकलं याचं दुःख, वडिलांनी कधीकाळी गोल मारला होता आणि तो पेपरात छापून आला होता, या आनंदापुढे टिकत नाही. आमच्याकडे एका आजींनी ती झेरॉक्स देवघरात ठेवली.

आमची सगळ्यात जुनी बातमी सध्या सहा ओळींची आहे. निकाल बरोबरीचा, आमच्या संघाचं नाव एका अक्षरानं चुकलेलं. त्याच्या आधीच्या हंगामाची फाईल वाळवी लागल्यामुळे बाजूला काढून ठेवलीय. पावसाळा संपला की उघडून देतो, असं ग्रंथपालांनी सांगितलंय. कमानीचा रंग तोवर जुनाच राहू दे, असं मंडळात ठरलं आहे.